आधी वाफ्याचं माप, मग अवजार

माझ्या अवजारांच्या कोपऱ्यात सगळ्यात जास्त हाताळली जाणारी वस्तू म्हणजे एक साधी सरळ काठी. लांबी ७५ सेंटीमीटर. कडेपासून साडेबारा सेंटीमीटरवर पहिली खाच, पुढे २५-२५ वर आणखी दोन. वाफे आखणं, ओळी काढणं, आच्छादनाचा कागद कापणं, सगळं या काठीच्या हिशेबाने चालतं. विळ्या-खुरप्यांना हात लागेल तेव्हा लागेल, काठी मात्र रोज बाहेर असते.

सेंद्रिय भाजीपाला करायचा ठरवलं की माणूस पहिल्यांदा अवजारांची यादी करायला बसतो. मला ही यादीच उलटी वाटते. आधी वाफ्याची रुंदी ठरवा, ती सगळ्या बागेत एकच ठेवा आणि मग त्या मापात बसेल तेच अवजार घ्या. एक वाफा ६० चा, दुसरा ९० चा, तिसरा जमेल तसा, असं असेल तर ओळींमधलं तण काढायचं कितीही भारी कोळपं आणलं तरी ते निम्म्या वेळा कोपऱ्यातच पडून राहणार.

वाफा ७५ सेंटीमीटरचाच का? कारण एवढ्या वाफ्याच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभं राहता येतं, हात सहज मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यावर पाय द्यावा लागत नाही. सेंद्रिय शेतीत भुसभुशीत माती हीच खरी कमाई. ती तुडवायची आणि मग पुन्हा खणायची, हा तोट्याचा धंदा. छोट्या जागेत विक्रीसाठी भाजी करणाऱ्यांमध्ये ३० इंची वाफा बऱ्याच देशांत रुळलेला आहे. म्हणजे हेच ७५-७६ सेंटीमीटर. त्यामुळे त्या रुंदीचे दंताळे आणि इतर अवजारंही तयार मिळतात.

आता काठीवरच्या खाचांकडे या. तीन ओळी, मधलं अंतर २५. चाकाच्या कोळप्याला, म्हणजे ज्याला सायकल कोळपं म्हणतात त्याला, १५ सेंटीमीटरचं पातं लावलं तर दोन्हीकडे पाच-पाच सेंटीमीटर सुटतात. कोवळ्या रोपाला धक्का लागत नाही आणि एका फेरीत अख्खी पट्टी साफ होते. २० चं पातं लावलं तर दोन्हीकडे अडीचच उरतात. ओळ सुतासारखी सरळ नसेल तर पिकाचंच कोळपण होतं. म्हणून पातं कितीचं घेऊ, याचं उत्तर दुकानात नसतं, वाफ्यावर असतं.

पात्याचा प्रकार म्हणाल तर मला रिकिबीच्या, म्हणजे घोडेस्वार पाय ठेवतो त्या कडीच्या, आकाराचं झुलतं पातं आवडतं. ते ढकलतानाही कापतं आणि ओढतानाही. पण ते चालवायचं केव्हा, हे जास्त महत्त्वाचं. तण नुकतं उगवलेलं असतं, दोन इवलीशी पानं वर आणि खाली पांढऱ्या दोऱ्यासारखं मूळ, तेव्हा. पातं फार तर एक-दोन सेंटीमीटर खोल जाऊ द्यायचं. त्याहून खोल गेलात तर खाली झोपलेलं तणाचं बी वर येऊन उजेड बघतं आणि नवी फौज उभी राहते. वरची माती कोरडी, ऊन कडक, सकाळची वेळ असेल तर संध्याकाळपर्यंत उपटलेलं तण वाळून नाहीसं होतं. हे सगळं हरळी आणि लव्हाळ्याला लागू नाही, बरं का! हरळीचा कांड्यासकट तुकडा पडला तरी रुजतो आणि लव्हाळा वरून कापला की खालच्या गाठीतून पुन्हा फुटतो. तिथे कुदळ किंवा दात्यांच्या काट्याने मुळासकट काढणं आलंच.

दुसरं माप स्वतःच्या शरीराचं. दांडा एवढा लांब हवा की ताठ उभं राहून काम झालं पाहिजे. ही चैन नाही. कॅलिफोर्नियात शेतमजुरांना आखूड दांड्याचं खुरपं वापरायला लावत. दिवसभर वाकून पाठी कायमच्या जात. वकिलांनी बरीच झुंज दिली तेव्हा १९७५ मध्ये तिथे त्या अवजारावर बंदी आली. एलियट कोलमन या अमेरिकी शेतकऱ्याने तर अंगठे वर ठेवून, केरसुणीने झाडावं तसं चालवता येईल असं अरुंद पात्याचं लांब खुरपं तयार केलं. छोट्या खुरप्याशिवाय रोपालगतचं तण निघत नाही हे खरं, पण बसून करायचं काम तेवढंच उरावं.

माती खणून उलटीपालटी करायलाही माझा विरोध आहे. त्याऐवजी दोन दांड्यांचा रुंद काटा वापरते. फ्रान्समधल्या आंद्रे ग्रेलँ यांच्यावरून त्याला ग्रेलिनेत म्हणतात. आडव्या दांडीवर पाय देऊन दाते आत घालायचे, दोन्ही दांडे स्वतःकडे ओढायचे. माती सैल होते, पण थर खालीवर होत नाहीत. ओल्या चिकणमातीत मात्र त्याच्या नादी लागू नका, ढेकळं होतात.

धारेबद्दल एवढंच. पातं शिकंज्यात घट्ट धरायचं आणि कानस एकाच दिशेने, पुढे ढकलतानाच टेकवायची. मागे आणताना उचलायची, कारण ती फक्त पुढे जातानाच कापते आणि मागे घासली की तिचेच दात जातात. मूळ उतार आहे तसाच ठेवायचा. दुसऱ्या बाजूला बोट हलकेच फिरवलं की बारीक खरखरीत कोर लागते. ती लागली की धार काठापर्यंत पोचली. मग दगडाने ती कोर काढून टाकायची. बोथट पातं तण कापत नाही, नुसतं लोळवतं, आणि तुम्ही जोर लावत राहता.

लाकडी दांड्याला वर्षातून एकदा जवसाचं तेल चोळते. तेल पुसलेली चिंधी मात्र गोळा करून कोपऱ्यात फेकायची नाही. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चुरगळलेली चिंधी आपोआप पेटू शकते. उघड्यावर पसरून वाळवायची, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवायची.