कादंबरीत एक, मालिकेत दुसरं, इतिहासात तिसरं

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न दर वेळी थोड्या वेगळ्या शब्दांत येतो, पण असतो हाच: "या चिनी ऐतिहासिक मालिका मूळ कादंबरीशी प्रामाणिक नसतात, इतिहासाशी तर नसतातच. मग तुम्ही त्यांचं एवढं काय घेऊन बसता?" आणि त्याच्या पाठोपाठ: "बरं, आधी पुस्तक वाचू की मालिका पाहू?"

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे, ते आधी देऊन टाकते. मालिका आधी पाहा. यातल्या बहुतेक कादंबऱ्या चिनी संकेतस्थळांवर प्रकरणा-प्रकरणानं आलेल्या आहेत, त्यांचा पसारा प्रचंड. इंग्रजीत त्या पुष्कळदा वाचकांनी हौसेनं केलेल्या भाषांतरात मिळतात. भाषांतर मध्येच थांबतं, माणसांची नावं प्रकरणागणिक वेगळी लिहिली जातात. चेहरे आणि नाती मालिकेतून एकदा डोक्यात बसली की मग पुस्तक वाचणं जमतं. उलट केलंत तर पहिल्या दहा भागांतच "हे असं नव्हतं" म्हणत उठाल, आणि जे समोर आहे ते दिसणारच नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र अवघड आहे. खरं सांगायचं तर ते मला अजून पुरतं सापडलेलं नाही.

बदल का होतात, हे आधी बघू. चिनी जालकादंबऱ्यांत आजच्या काळातलं माणूस जुन्या काळात जन्माला येतं, हा नेहमीचा प्रघात. पडद्यावर ते चालत नाही. 2011 मध्ये तिथल्या नियामकांनी कालप्रवासाच्या मालिकांवर उघड नाराजी दाखवली. तेव्हापासून पटकथाकारांना वाट काढावी लागते. 'जॉय ऑफ लाइफ' (2019) मध्ये वाट अशी काढली की आजचा एक विद्यार्थी कादंबरी लिहितोय आणि आपण पाहतोय ती त्याची गोष्ट. 'द स्टोरी ऑफ मिंगलान'मध्ये कालप्रवास मुळापासून उपटला आणि कथा चीनच्या उत्तर सुंग राजवटीच्या काळात नेऊन ठेवली. त्यानं अडचण उभी राहिली. पुस्तकातली मिंगलान सावध, अबोल, हिशेबी आहे, कारण ती मुळात आजची न्यायालयात काम करणारी बाई आहे. ते काढल्यावर सहा-सात वर्षांच्या मुलीत एवढी सावधगिरी आली कुठून? म्हणून मालिकेनं तिची आई जिवंत दाखवली आणि बाळंतपणात, घरच्यांच्या दुर्लक्षात, मुलीच्या डोळ्यांदेखत तिला मरू दिलं. पुस्तकात कथा सुरू होते तेव्हा ही आई आधीच गेलेली असते. नियमापायी करावा लागलेला हा बदल मला पुस्तकापेक्षा सरस वाटतो. तसं म्हटलं की पुस्तकवाले माझ्यावर चिडतात, चिडोत.

'निर्वाणा इन फायर' (2015, 54 भाग) मध्ये तर लेखिका हाय यान यांनी स्वतःच पटकथा लिहिली आणि स्वतःच बदल केला. कादंबरीतल्या राजकन्या निह्वांगचं मन न्ये त्वो या सेनानीवर जडलेलं असतं. मालिकेत ती शेवटपर्यंत नायक लिन शूची वाट पाहते. लेखिकेनं स्वतः केलं तर ती बेइमानी म्हणायची का? इथं कादंबरीची बाजू घेणाऱ्यांकडे उत्तर नसतं.

पण या प्रश्नाची खरी बोच यात नाही. ती आहे 'एम्प्रेसेस इन द पॅलेस'मध्ये, म्हणजे 2011 च्या 76 भागांच्या 'झेन ह्वान'मध्ये.

ल्यू ल्येनत्झ यांची मूळ कादंबरी एका काल्पनिक राजवटीत घडते. दिग्दर्शक झेंग श्याओलोंग यांनी ती उचलून छिंग राजवटीत, योंगझेंग सम्राटाच्या (1723 ते 1735) अंतःपुरात बसवली. फायदा उघड होता. त्याचा बाप कांगशी, त्याच्या मुलांची गादीसाठीची भांडणं चिनी प्रेक्षकाला पाठ असतात, त्यामुळे हा सम्राट संशयी का, हे एका वाक्यानंही सांगावं लागत नाही. पण काल्पनिक राजाला खरं नाव दिलं की त्याच्या भोवतीच्या सगळ्यांनाच खरी नावं द्यावी लागतात. नायिका झेन ह्वानची वैरीण असलेली राणी म्हणजे ह्वाफेइ. कादंबरीत तिचं घराणं मुरोंग आहे, असं कुठलं घराणं त्या दरबारात नव्हतं. मालिकेत ती न्येन झाली, सेनापती न्येन गंगयाओची बहीण. आणि न्येन गंगयाओला खरीच बहीण होती, ती खरीच योंगझेंगची राणी होती.

आता तो प्रसंग. साधारण चाळिसाव्या भागानंतर येतो. भाऊ गेलाय, पदं गेलीत, ह्वाफेइ सगळ्यात खालच्या पायरीवर आणून ठेवलीय आणि तिला मरणाची शिक्षा झालीय. पांढरं रेशीम, विष, खंजीर, यातलं काय ते निवड म्हणून समोर मांडलंय. ती निवडत नाही. सम्राटानं स्वतः सांगितल्याशिवाय मरणार नाही म्हणते, कारण तो तसं सांगणार नाही अशी तिची खात्री आहे. मग झेन ह्वान येते आणि तिला एकच गोष्ट सांगते. तुझ्या महालात वर्षानुवर्षं जळणारा ह्वानयी धूप, जो सम्राटानं फक्त तुलाच दिला, ज्याचा तुला एवढा अभिमान, त्यात कस्तुरी आहे. न्येन घराण्याच्या पोटी राजपुत्र जन्मू नये म्हणून. (परंपरागत चिनी वैद्यक गर्भवतीला कस्तुरी वर्ज्य सांगतं, तेवढा भाग खरा. नुसत्या धुरानं वर्षानुवर्षं गर्भ राहू नये, ही कथेनं घेतलेली सवलत.) ह्वाफेइ हसते, रडते, आणि भिंतीवर डोकं आपटून जीव देते.

शेवटच्या हाकेत ती स्वतःला काय म्हणते, ते कान देऊन ऐका. या मालिकेत 'मी'ला किती तरी शब्द आहेत. सम्राट स्वतःला 'झन' म्हणतो, राणी त्याच्यापुढे 'छनछ्ये' म्हणजे दासी, आपल्या महालात 'बनगोंग', मोलकरीण 'नूबी'. इंग्रजी उपशीर्षकांत या सगळ्यांचा मिळून एकच 'आय' उरतो. मराठी माणसाला हे आतून कळायला हवं. 'मी', 'आम्ही' आणि 'ही दासी' यांत किती अंतर आहे, ते आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. मरताना ह्वाफेइ दासीही नसते आणि महालाची मालकीणही नसते. ती 'शिलान' म्हणते, स्वतःचं माहेरचं नाव. उपशीर्षकांवर नजर खिळवून बसलात तर हे हातचं जातं.

हा प्रसंग मी निर्दोष मानते. आणि इथंच मला टोचतं.

खऱ्या न्येन राणीला चार मुलं झाली होती, तीन मुलगे आणि एक मुलगी. चौघंही लहानपणीच गेली. ती स्वतः 1725 च्या डिसेंबरात आजारानं वारली. भावाभोवती कारवाईचा फास आवळला जात असताना योंगझेंगनं आजारी राणीला 'ह्वांगग्वेइफेइ' केलं, म्हणजे सम्राज्ञीच्या फक्त एक पायरी खाली. भावाला आत्महत्येचा हुकूम झाला तो तिच्यानंतर, जानेवारी 1726 मध्ये. ती योंगझेंगच्याच समाधीत, त्याच्यासोबत पुरलेली आहे. म्हणजे कस्तुरी नाही, भिंत नाही, आणि क्रमही उलटा. राजकारणापायी सम्राटानं बायकोची कूस मारली, हा आरोप ज्या माणसावर मालिका ठेवते, त्याच्या नावावर तिच्यापासून झालेली चार मुलं नोंदलेली आहेत.

पूर्वी मी यावर फटकन म्हणायचे, ही मालिका आहे, बखर नव्हे. ज्याला इतिहास हवा त्यानं इतिहास वाचावा. आज तेवढ्यानं भागत नाही. कारण इतिहास कुणी वाचत नाही आणि मालिका पुन्हा पुन्हा पाहिली जाते. चीनमध्ये तर तिच्या एकेका वाक्याची चिरफाड करणाऱ्यांना 'झेनविद्येचे अभ्यासक' असं नाव पडलंय. योंगझेंगची न्येन राणी म्हटलं की आता डोळ्यांपुढे धूप येतो. पेशवाईवरच्या कादंबऱ्या वाचून संवादांसकट इतिहास सांगणारी माणसं आपल्याकडे काय कमी आहेत? त्यांच्यावर रागावायचं आणि इथं मात्र टाळी वाजवायची, हे जमत नाही.

पण तुम्ही लगेच "बघा, मान्य केलंत" म्हणू नका. काल्पनिक राजवटीत हाच प्रसंग कादंबरीत आहे आणि तिथं तो मला इतका लागत नाही. मुरोंग घराणं पडलं काय, उभं राहिलं काय, आपण त्याला फक्त गोष्ट म्हणून वाचतो. न्येन म्हटलं की खरा सेनापती, खरी पत्रं, खरा हुकूम पाठीशी उभा राहतो आणि धुराला वजन येतं. प्रसंगाची ताकद त्याच खोटेपणातून आलेली आहे. दोन्ही वेगळे करता येत नाहीत, करून पाहिलंय.

प्रिन्स युनलीचं, म्हणजे सम्राटाच्या धाकट्या भावाचं आणि झेन ह्वानच्या प्रियकराचंही तसंच. मालिकेत भाऊच त्याच्यापुढे विषाचा पेला येण्याची वेळ आणतो. प्रत्यक्षात योंगझेंगनं त्याला मोठ्या जबाबदाऱ्या दिल्या आणि युनली सम्राटानंतर सुमारे अडीच वर्षांनी, 1738 मध्ये गेला. तिथं मात्र मला बदल खटकतो, कारण त्यातून प्रेमकथेला रडू मिळतं, यापलीकडे काही मिळत नाही. ह्वाफेइला माफी आणि युनलीला नाही, हा माझा न्याय पक्षपाती आहे, हे मला कळतं.

पाहणार असाल तर पूर्ण 76 भाग पाहा. 2015 मध्ये नेटफ्लिक्सवर अमेरिकेसाठी दीड-दीड तासाचे सहा भाग केले होते, ते नकोत. 57 तासांचा ऐवज नऊ तासांत आणला की धूप आला आणि बाई मेली, एवढंच उरतं. मधली वर्षं जळलेला धूप उरत नाही. वेग वाढवूनही पाहू नका, संबोधनं निसटतात. सुरुवातीला कागदावर राण्यांच्या दर्जाच्या आठ पायऱ्या खालून वर लिहून ठेवा: दायिंग, चांगझाइ, ग्वेइरन, पिन, फेइ, ग्वेइफेइ, ह्वांगग्वेइफेइ, ह्वांगहौ म्हणजे सम्राज्ञी. वर जावं तशा जागा कमी: पिन सहा, फेइ चार, ग्वेइफेइ दोन, त्यावर एकेकच. कोण कुणाला वाकून नमस्कार करते आणि कोण नुसती मान हलवते, हे त्या कागदावरून कळतं, आणि अर्ध्या भांडणांचं मूळ तिथंच आहे. ओठ आणि आवाज जुळत नाहीत, ही तक्रार रास्त आहे. बहुतेकांचे आवाज नंतर दिलेले आहेत. सुन लीच्या झेन ह्वानला आवाज जी ग्वानलिन यांचा आहे आणि चार-पाच भागांनंतर तोच खरा वाटू लागतो.

आणि ह्वाफेइच्या त्या भागानंतर एक नाव शोधून वाचा, फुहुइ. न्येन राणीच्या चार मुलांपैकी हा एकटाच आईमागे उरला होता. 1728 मध्ये, सात वर्षांचाही झाला नसताना, तोही गेला. हे वाचल्यावर तो प्रसंग पुन्हा पाहायचा की नाही, ते तुम्हीच ठरवा. मी दोन्ही केलंय आणि दोन्ही वेळा मला वेगळं वाटलंय.