घोडबंदर रोडवरचं हॉटेल आणि मुलांची दुपारची झोप

लहान मुलांना घेऊन वॉटर पार्कला चाललोय म्हटलं की लोक पार्काबद्दलच बोलायला लागतात. कुठली घसरगुंडी मोठी, लाटांचा पूल कुठे चांगला, तिकिटात जेवण धरलंय का. मुलं चार वर्षांच्या आतली असतील तर यातलं फारसं काही कामाला येत नाही. मोठ्या राइडपाशी उंचीची पट्टी रंगवलेली असते आणि आपली पिल्लं तिच्या आसपासही पोचत नाहीत. घोट्याएवढ्या पाण्याचं छोट्यांचं तळं, डोक्यावर पडणारा फवारा आणि तासाभराचा दंगा, एवढाच त्यांचा पार्क. मग भूक लागते, थंडी वाजते आणि झोप येते, आणि हे सगळं एकदमच होतं. तेव्हा पलंग किती लांब आहे यावर आख्खी सहल ठरते.

आमचा थोरला साडेतीन वर्षांचा, धाकटी पावणेदोन. ठाण्याला मामेबहिणीच्या बाळाचं बारसं होतं. तिचं घर आधीच पाहुण्यांनी भरलेलं, म्हणून आम्ही वेगळं राहायचं ठरवलं आणि राहायचंच आहे तर टिकुजिनीवाडी या वॉटर पार्कच्या जवळ राहू, मुलांचा एक दिवस पाण्यात जाईल, असा बेत केला. बरोबर सासूबाई होत्या. नाशिक रोडहून सकाळची पंचवटी पकडली, दहाच्या सुमाराला ठाण्यात उतरलो. बारसं छान झालं, नाव ठेवलं, घुगऱ्या खाल्ल्या. त्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच.

आता घोडबंदर रोडबद्दल. बाहेरून येणाऱ्यांना हा रस्ता नकाशावर सरळ रेघेसारखा दिसतो आणि हॉटेलांच्या जाहिरातीत ‘पार्कपासून पाच मिनिटं’ असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात मधे दुभाजक आहे, मेट्रो 4 चे खांब आहेत आणि मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ असे एकापाठोपाठ एक उड्डाणपूल आहेत. रिक्षा पुलावर चढली की तुमचं वळण खाली राहतं आणि पुढे जाऊन यू टर्न घेऊन परत यावं लागतं. टिकुजिनीवाडी डोंगराच्या बाजूला, मानपाड्यावरून आत. आमचं हॉटेल रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला. पार्काकडून परत येताना रिक्षावाले दादा म्हणाले, “ताई, इथंच सोडतो, समोर दिसतंय ना हॉटेल, क्रॉस करा.” कडेवर झोपाळलेली मुलगी, हाताला ओल्या केसांचा मुलगा आणि मागे गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. कंटेनरांची रांग समोरून चाललेली. मी उतरलेच नाही. म्हटलं, जितकं मीटर होईल तितकं होऊ द्या, पण दारात सोडा. त्यांनी सोडलं. एवढ्याशा अंतराला पंचवीस मिनिटं लागली. म्हणून हॉटेल घेताना किलोमीटर विचारू नका, रस्त्याची बाजू विचारा.

पण खरं लिहायचंय ते पुढच्या दीड तासाबद्दल.

सकाळी आम्ही सामान हॉटेलच्या काउंटरवर ठेवून थेट पार्कात गेलो होतो. आठवडाभर आधी फोन केला तेव्हा स्पष्ट विचारलं होतं की लहान मुलं आहेत, बाराच्या पुढे खोली मिळेल ना. “या हो मॅडम, रिकामी असली की लगेच देऊ,” असं उत्तर मिळालं होतं. आम्ही परत आलो तेव्हा साडेबारा झाले होते. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, चेक-इन दोनला. नवरा म्हणाला, आधीच्या वेळेचे जादा पैसे घ्या. तो म्हणाला, ते मॅनेजर आल्यावर. मॅनेजर कधी येणार? दोनला. खोली तयार आहे का? तयार आहे. हे तो अगदी शांतपणे म्हणाला, आवाज न चढवता, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

लॉबीत एक लांबलचक पांढरा सोफा होता. धाकटी माझ्या खांद्यावर केव्हाच झोपली होती, अंगातला पार्कातला नायलॉनचा पोशाख वरून टॉवेल गुंडाळूनही गार लागत होता. मी तिला सोफ्यावर टेकवलं तेवढ्यात दुसरा एक जण आला आणि म्हणाला, “मॅडम, सोफा ओला होईल.” सासूबाई काही न बोलता उठल्या, स्वतःची शाल काढून सोफ्यावर अंथरायला लागल्या. तो म्हणाला, तसं नाही मॅडम, इथे झोपायला अलाउड नाही. पावणेदोन वर्षांच्या मुलीला झोपायला अलाउड नाही! ज्या हॉटेलच्या काचेवर ‘फॅमिली हॉटेल’ असं सोनेरी अक्षरांत लिहिलंय, तिथे. एसीचा झोत नेमका त्या सोफ्यावर. थोरला तोपर्यंत फरशीवर बसून रडायला लागला होता, त्याला खिचडी हवी होती, आणि किचनमध्ये त्या वेळी फक्त थाळी मिळत होती.

तेवढ्यात लिफ्टमधून चादरींची ढकलगाडी घेऊन एक मावशी बाहेर आल्या. पन्नाशीच्या असतील, निळा गणवेश, पायात रबरी चपला. त्यांनी एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा काउंटरकडे. कुणाला काही विचारलं नाही. गाडीवरच्या घडीच्या दोन चादरी काढल्या आणि मला म्हणाल्या, “ताई, या माझ्या मागं.” मागच्या बाजूला छोटा पार्टीचा हॉल होता, रिकामा, खुर्च्या एकावर एक रचलेल्या. त्यांनी खिडकीपासून लांब, भिंतीच्या कडेला गालिचावर चादर चौपदरी करून घातली, पंखा एकवर ठेवला, एसी लावलाच नाही. मग माझ्याकडून मुलीला अलगद घेतलं. तिचे ओले कपडे काढताना एक हात मानेखाली तसाच ठेवून दुसऱ्या हाताने बाही सोडवली, पोरगी जागी झाली नाही. “गार पाण्यातून आलेलं पोर, अंगावर ओलं राहायला नको, पोटात धरतं,” म्हणाल्या. माझ्या पिशवीतला झबला घातला, दुसरी चादर पायापासून छातीपर्यंत गुंडाळली आणि पाठीवर थापट्या देत बसून राहिल्या.

मला म्हणाल्या, तुम्ही दादाला बघा, मी आहे इथं. मी थोरल्याचे कपडे बदलले, त्याला बाथरूममध्ये नेलं. परत आले तर मावशी तिच्या शेजारी मांडी घालून नॅपकिनांच्या घड्या घालत होत्या. काम थांबवलं नव्हतं, फक्त जागा बदलली होती. विचारलं तर मुरबाडकडच्या निघाल्या. नात हिच्याच वयाची, गावाला, महिन्यातून एकदा भेट. किचनमध्ये त्यांनी कुणाला तरी सांगितलं असावं, कारण थोड्या वेळाने एक पोरगा स्टीलच्या वाटीत वरण-भात कालवून घेऊन आला, वर तुपाची धार. बिलात तो कुठेच नव्हता. थोरल्याने सगळा खाल्ला आणि बहिणीच्या पायाशी आडवा झाला.

मी पैसे द्यायला गेले तर मावशींनी हात मागे घेतला. नाशिकहून नेलेल्या चिवड्याचा पुडा मात्र घेतला आणि ढकलगाडीच्या खालच्या कप्प्यात ठेवला. दोन वाजता मॅनेजर आले, खोली मिळाली, त्यांनी दिलगिरीही व्यक्त केली. मी त्यांना तोंडावर सांगितलं की तुमचा नियम मला पटला नाही आणि तुमच्या हॉटेलची लाज त्या मावशींनी राखली. त्या हॉलमध्ये चादर घातली म्हणून त्यांना कुणी बोलू नये, हेही बजावलं. पाहुण्यांनी अभिप्राय लिहायच्या वहीत त्यांचं काम सविस्तर लिहून आले.

खोली रस्त्याच्या बाजूला निघाली. न्हावाशेवा बंदराकडून गुजरातला जाणारे कंटेनर याच रस्त्याने अहमदाबाद हायवे गाठतात आणि रात्री त्यांना वाट मोकळी असते. रात्रभर ब्रेकचे आवाज. रूम सर्व्हिसला दूध मागितलं तर पाऊण कपाला 110 रुपये आणि तेही कोमट, कारण किचन अकराला बंद. सकाळी आठला आम्ही ते हॉटेल सोडलं.

दुसरं हॉटेल नवऱ्याने फोनवर अर्धा तास घालवून शोधलं. दिसायला साधं, लॉबीत सोफाही नाही, पण डोंगराच्या बाजूला. मागे येऊरचं जंगल, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग. ठाणे ते बोरिवली जो जुळा बोगदा होतोय त्याचं ठाण्याकडचं तोंड टिकुजिनीवाडीपाशीच येणार आहे, त्यामुळे तिथेही धूळ आणि डंपर आहेत, पण ते मागच्या खोल्यांपर्यंत पोचत नाहीत. डास आहेत आणि माकडं येतात, म्हणून जाळीची खिडकी आहे ना हे आधीच विचारलं. विचारलेल्या बाकीच्या गोष्टीही सांगते, कारण हॉटेलवाल्यांना या ऐकून आश्चर्य वाटतं. बाथरूममध्ये बादली आणि मग आहे का. शॉवर डोक्यावर पडला की आमची धाकटी किंचाळते आणि ओल्या फरशीवर तिला धरून ठेवणं जोखमीचं होतं. पलंग भिंतीला लावून देणार का, किंवा सरळ गादी खाली घालणार का. बाळांचा लाकडी पलंग मला नको असतो, पोरं त्यावर चढून खाली डोकावतात. बाल्कनीच्या गजांमधून मूठ जाते की डोकं. रात्री दहानंतर मऊ भात मिळेल का, आणि नसेल तर मी स्वतः किचनमध्ये येऊन लावला तर चालेल का. या शेवटच्या प्रश्नाला पलीकडचे काका म्हणाले, “तुम्ही कशाला, आमचा आचारी लावेल की. तांदूळ जरा जुना आहे, पाणी किती घालायचं तेवढं सांगा.” तिथेच बुकिंग पक्कं झालं.

पुन्हा पार्कात जायची मुलांची इच्छाच नव्हती. त्यांना कोलशेतच्या ग्रँड सेंट्रल पार्कात नेलं. ठाणे महापालिकेचं हे उद्यान 2024 मध्ये सुरू झालं. गाड्यांची भीती न बाळगता पोरांना सोडून देता येईल इतकी जागा आहे, आणि तिकीट अगदी किरकोळ. मला विचाराल तर तीन वर्षांच्या मुलासाठी कुठल्याही थीम पार्कापेक्षा हे बरं. रविवारी मात्र जाऊ नका, पाळण्यापाशी मोठी मुलं छोट्यांना लोटतात आणि आईवडील मोबाइलमध्ये असतात.

निघायच्या दिवशी चेक-आउट दहाला होतं आणि आमची संध्याकाळची पंचवटी. म्हणजे पुन्हा तोच दुपारचा पेच. मी काकांना आदल्या रात्रीच सांगून ठेवलं. ते म्हणाले, पोरं उठतील तेव्हा निघा. आम्ही आपणहून अर्ध्या दिवसाचं भाडं भरलं, कारण खोली अडवून ठेवणं हेही बरोबर नाही. पार्काजवळच्या सगळ्या हॉटेलांनी असा अर्ध्या दिवसाचा दर उघड लिहावा, छोट्या मुलांचे आईबाप खुशीने देतील. मुलं चारला उठली. घोडबंदरवरून स्टेशनला संध्याकाळी तासभर धरायचा असतो, म्हणून साडेचारलाच रिक्षा बोलावली, आणि काकांनी निघताना धाकटीची बाटली कोमट पाण्याने भरून दिली.