पाचच्या आधीचं ऊन

सकाळी नऊ वीसला आमच्या फाट्यावर मानव विकासची, म्हणजे शाळेच्या मुलींसाठी सोडलेली निळी एसटी येते. बालाघाटाच्या डोंगराच्या चढावर आधी तिचा आवाज येतो, गाडी मागून. गावातून आम्ही सहाजणी चढतो. पास फुकट आहे. अहिल्याबाई होळकर योजनेत पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी एसटी मोफत असते. हा पास नसता तर आमच्यातल्या दोघीतिघींची शाळा सातवीलाच सुटली असती.

मी दहावीत आहे. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा झाली की वर्गात हजेरी होते. दिवाळीनंतर काही नावं सर नुसती वाचतात, वर बघतही नाहीत. ती मुलं आईवडिलांसोबत ऊसतोडीला गेलेली असतात. माझे आईपप्पाही कोल्हापूरकडच्या उसाच्या फडात आहेत. तिथं मजूर कोयत्यावर मोजतात, नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असली की पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, घरी येणं नाही. माझा बोर्डाचा पेपर असेल तेव्हाही ते तिकडेच असतील. मी आज्जीजवळ राहिले, म्हणून मला ‘हजर’ म्हणता येतं.

त्या दिवशी पहिले तास नेहमीसारखेच गेले. विज्ञानाच्या तासाला सरांनी भिंगांचा धडा संपवला आणि सांगितलं, “बहिर्वक्र भिंगाचा प्रयोग आज जादा तासाला घेऊ. प्रात्यक्षिकाला वीस गुण आहेत, सगळ्यांनी थांबायचं.”

जादा तास पाच ते सहा. आमची गाडी सव्वापाचला, आणि तीच शेवटची. जूनपासून हेच चाललंय. गणिताचा जादा तास आम्ही मैत्रिणींच्या वहीवरून उतरवून घेतो. न कळलेलं गणित दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत विचारतो. पण प्रयोग वहीवरून कसा उतरवायचा? मी मागच्या बाकावर बाकीच्या पाच जणींकडे बघितलं. सगळ्या खाली मान घालून दप्तराच्या बंदाशी चाळा करत होत्या.

मी उभी राहिले. वर्गात बोलायचं म्हटलं की माझा घसा कोरडा पडतो, तसाच पडला.

“सर, लांबच्या वस्तूची प्रतिमा घ्यायला बाहेर लख्ख ऊन पाहिजे ना?”

“हो. बाहेर उजेड, आत अंधार.”

“मग पाचनंतर ऊन उतरलेलं असतंय, सर. आणि आम्ही सहाजणी गाडीला गेलेल्या असतो.”

सर थोडा वेळ गप्प राहिले. रागावले असं वाटलं. मग म्हणाले, “हे माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं. बस खाली.” साडेतीनचा खेळाचा तास त्यांनी मागून घेतला. मुलं कुरकुरली, त्यांचा कबड्डीचा डाव ठरलेला होता. त्यांचं वाईट वाटलं, पण मी मागे हटले नाही.

प्रयोगशाळा म्हणजे कोपऱ्यातली खोली, दोन कपाटं, एक लांब टेबल. खिडक्या लावून घेतल्या, मैदानाकडची एकच उघडी ठेवली. भिंग दोन, मुलं सव्वीस. माझी पाळी आली तेव्हा मी भिंग खिडकीकडे धरलं आणि मागचा पांढरा कागद हळूहळू मागे नेला. आधी नुसता पिवळसर डाग. मग डागाला कडा आल्या, आणि एकदम मैदानापलीकडचा लिंब कागदावर उतरला. उलटा, हिरवा, पानं हलतायत. त्याच वेळी रस्त्यावरून लाल एसटी गेली. कागदावर ती बोटाच्या पेराएवढी उंच, चाकं वर, टप खाली, डावीकडची उजवीकडे सरकत गेली. मैत्रीण ओरडली, “अगं हलू नको!” मी श्वास धरून उभी होते. पट्टीनं मोजलं तेव्हा भिंगापासून कागदापर्यंतचं अंतर, म्हणजे भिंगाचं नाभीय अंतर, वीस सेंटिमीटर आलं.

सव्वापाचची गाडी मिळाली. घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आज्जीनं भाकरी थापायला घेतली होती. कोनाड्यात तिचा चष्मा होता, शिबिरात मिळालेला, जवळचं बघायचा. जवळचं दिसत नसेल तर बहिर्वक्र भिंग देतात, हे त्याच धड्यात आहे. मी चष्मा उचलला.

“कामून गं, फोडतीस का काय?”

“नाही गं आज्जी, बघ तर.”

आमची खोली बारा फुटांची. एका भिंतीला दिवा, समोरच्या भिंतीला मी वहीचं पान लावलं आणि चष्म्याची एक काच पुढेमागे केली. पानावर चिमुकला दिवा उमटला, खालून वर लटकलेला. आज्जी पिठाचे हात घेऊन तशीच उठून आली आणि वाकून बघत राहिली.

पप्पांचा टेप खुंटीला होता. दिव्यापासून काच तीनशे सेंटिमीटर, काचेपासून पान साठ. भिंगाच्या सूत्रात घातलं: एक भागिले साठ आणि एक भागिले तीनशे, मिळून एक भागिले पन्नास. नाभीय अंतर पन्नास सेंटिमीटर, म्हणजे अर्धा मीटर. एकाला त्या अर्ध्यानं भागलं की भिंगाची शक्ती, म्हणजे चष्म्याचा नंबर: अधिक दोन डायॉप्टर. मग ट्रंकेतून शिबिराची चिठ्ठी शोधून काढली. दोन्ही डोळ्यांपुढे लिहिलं होतं, ‘+२.००’.

आठला आईचा फोन आला. मागं ट्रॅक्टरचा आवाज होता. मी काही सांगायच्या आत आज्जीनंच फोन ओढून घेतला आणि म्हणाली, “तुझ्या पोरीनं माझा नंबर काढला गं, इथंच, घरात.”