वार कोणता होता?

जुनी तारीख दिसली की तिचा वार काढायचा ही माझी जुनी खोड. बायको म्हणते कालनिर्णय भिंतीवर आहे ना, पण त्यात फक्त यंदाचं वर्ष, आणि मला हवा असतो 1853 चा.

आम्ही ठाणेकर, त्यामुळे पहिली तारीख अर्थातच 16 एप्रिल 1853, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली तो दिवस. युक्ती अशी की कुठल्याही वर्षी 4/4, 6/6, 8/8, 10/10 आणि 12/12 यांचा वार एकच असतो, खोटं वाटत असेल तर कालनिर्णय उलटून बघा. कॉनवे नावाच्या गणितज्ञाची ही पद्धत. 1800 साली तो वार होता शुक्रवार. पुढे 53 वर्षांचे 53 आणि मधल्या लीप इयरचे 13, झाले 66, सातने भागून उरले 3, म्हणजे शुक्रवारच्या पुढे तीन, सोमवार. चार एप्रिल सोमवार तर अठराही सोमवार, म्हणून सोळा शनिवार! प्लॅटफॉर्मवर उभ्या उभ्या बोटांच्या पेरांवर होतं, लोकल लेट असेल तर दोनदा होतं.

खरी गंमत शिवराज्याभिषेकाची. 6 जून 1674 कॉम्प्युटरला विचारलं तर तो बिनदिक्कत बुधवार सांगतो. तो आजचंच कॅलेंडर मागे ताणत नेतो हो, पण 6 जून ही ज्यूलियन, म्हणजे इंग्रज तेव्हा वापरत त्या जुन्या कॅलेंडरची तारीख, आजच्या हिशोबाने 16 जून, आणि वार शनिवार. इंग्रजांनी जुनं कॅलेंडर थेट 1752 मध्ये सोडलं, 2 सप्टेंबर बुधवारनंतर एकदम 14 सप्टेंबर गुरुवार. पोर्तुगीज मात्र 1582 लाच नव्यावर गेलेले. आणि 1674 ला मुंबई इंग्रजांची, पण वांद्रे, ठाणे, वसई पोर्तुगीजांची! म्हणजे माहीमहून होडीने वांद्र्याला उतरलात की तारीख दहा दिवस पुढे, वार तोच. इकडे 16, तिकडे 6, शनिवार दोघांचाही. त्या काळात व्यापारी हुंड्या कशा वटवत असतील देव जाणे, मी असतो तर सरळ तिथी लिहिली असती.

तेव्हा 1752 च्या आधीची तारीख कुणी दिली की मी आता आधी विचारतो, कुणाची, इंग्रजांची की पोर्तुगीजांची? समोरचा बहुतेक वेळा विषयच बदलतो.