तुम्ही विचारलंत म्हणून: “पण प्रत्यक्ष लढलात का?”

गोळी एकही झाडली नाही. झालं उत्तर. पण ते ऐकून तुमचा चेहरा पडतो, म्हणून पुढचं.

घणसोलीत राहायला आल्यापासून दर २६ जुलैला, कारगिल विजय दिनी, सोसायटीत हेच. कारगिलला होतो म्हटलं की माणसं खुर्ची पुढे ओढतात, आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होतो म्हटलं की “अच्छा, सप्लाय!”

याची आम्हाला सवय आहे. पायदळ, रणगाडे म्हणजे फौजेचे दात. रेशन, पेट्रोल, दारूगोळा वाहणारे आम्ही शेपूट. २०१७ साली फौजेच्या सुधारणांसाठी नेमलेल्या शेकटकर समितीच्या शिफारशी सरकारने मान्य केल्या, तेव्हा पेपरांतही शेपूट छाटून दात वाढवायचीच भाषा. छाटा बापडे! पण द्रासजवळच्या टोलोलिंग शिखरावर डागलेले बोफोर्स तोफांचे गोळे झोजिला खिंड ओलांडून आले ते काय चालत?

जून १९९९. द्रासचा रस्ता वरून शत्रूच्या नजरेत, म्हणून गाड्या रात्री, दिवे बंद करून. एका रात्री पुढच्या गाडीशेजारी गोळा फुटला. चालक बिहारचा, संध्याकाळी एकाच ताटात जेवलो होतो. हाक मारली, ओ नाही. मागे अख्खा ताफा खोळंबलेला, वरून हुकूम: रस्ता मोकळा करा. गाडी ढकलून कडेला लावली. त्याला माझ्या केबिनमध्ये बसवलं, हो, बसवलंच, आडवं घ्यायला जागा कुठे होती? माझा जोडीदार मागे पेट्यांवर चढला. वळणावर त्याचं डोकं माझ्या खांद्यावर यायचं. मी ते सरळ करायचो आणि गिअर बदलायचो.

द्रासला माल उतरवायला पायदळाची पोरं आली. त्यांना वर चढायचं होतं. त्यातला एक हसत म्हणाला, “ड्रायव्हर साब, आप तो सुबह नीचे!” केबिनमध्ये कोण आहे, त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही.

तेव्हा वाटलं, याच्या मुस्काटात द्यावी. गोळा काय दात-शेपूट बघून पडतो? आज वाटतं, पोरगा खोटं काय बोलला? सकाळी मी खाली आलोच की. तो चढला, परतला की नाही, कळलं नाही.

एवढं कबूल करतो, आणि लगेच शेजारची सीट आठवते. मग त्या पोराशी पुन्हा पहिल्यापासून भांडतो.