आधी पायथन की आर?

जीवशास्त्राचे पदवीधर मला हमखास विचारतात, "बायोइन्फर्मेटिक्समध्ये यायचे आहे, तर आधी पायथन शिकावे की आर?" तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून लिहितो. बायोइन्फर्मेटिक्स म्हणजे जीवशास्त्रातली माहिती संगणकाने तपासणे, आणि पायथन व आर या त्यासाठीच्या दोन प्रोग्रामिंग भाषा. डीएनए किंवा प्रथिनांच्या क्रमांच्या फाइली चाळायला पायथन सोयीचे पडते, तर संख्याशास्त्र आणि आलेखांसाठी आर. पण त्याही आधी दोन प्रथिनांचे क्रम (म्हणजे त्यांतल्या अमिनो आम्लांची ओळ, प्रत्येकासाठी एक अक्षर) एकाखाली एक मांडून त्यांतले साम्य खरे की योगायोगाचे, हे ओळखायला शिका.

अशा साम्यातून काय हाती लागू शकते, याचे १९८३ मधले उदाहरण मला अजूनही सर्वांत बोलके वाटते. माकडांत कर्करोग निर्माण करणाऱ्या एका विषाणूच्या जनुकाचे प्रथिन आणि जखम भरून येताना प्लेटलेट पेशी सोडतात तो वाढघटक, यांचे क्रम रसेल डूलिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर ताडून पाहिले, तेव्हा ते जवळजवळ सारखे निघाले. कर्करोगाचे जनुक पेशीला वाढीचा नेहमीचाच संदेश देते, फक्त अवेळी देते, या विचाराला त्यामुळे भक्कम आधार मिळाला.

नुसती जुळणारी अक्षरे मोजून मात्र भागत नाही. हेनिकॉफ दांपत्याने १९९२ मध्ये मांडलेल्या, अमिनो आम्लांच्या प्रत्येक जोडीला गुण देणाऱ्या ब्लोसम-६२ या कोष्टकात ट्रिप्टोफॅनला ट्रिप्टोफॅन जुळले तर ११ गुण मिळतात, ल्युसीनला ल्युसीन जुळले तर ४च, कारण ल्युसीन मुबलक असल्याने ते सहज जुळून जाते. ल्युसीनच्या जागी स्वभावाने जवळचे आयसोल्युसीन आले तरी २ गुण पदरात पडतात. ॲस्पार्टिक आम्ल आले तर ४ गुण कापले जातात. उत्क्रांतीने कोणते बदल खपवून घेतले याचीच ही नोंद आहे, आणि ती समजायला रसायनशास्त्र लागते, प्रोग्रामिंग नव्हे.

१९९० मध्ये आलेले, दिलेल्या क्रमाशी जुळणारे क्रम डेटाबेसमध्ये शोधणारे ब्लास्ट आज कोणीही ब्राउझरमध्ये चालवतो आणि निकालातली टक्केवारी पाहून हुरळतो. (वीस अक्षरांच्या तुकड्यातली ऐंशी टक्के जुळणी बहुधा काहीच सांगत नाही.) मी आधी ई-व्हॅल्यू पाहतो. एवढ्या डेटाबेसमध्ये निव्वळ योगायोगाने इतक्या किंवा याहून जास्त गुणांच्या किती जुळण्या सापडल्या असत्या, याचा तो अंदाज असतो. ती १० आली तर त्या साम्यावर विसंबू नये. डेटाबेस दुप्पट झाला की त्याच जुळणीची ई-व्हॅल्यूही साधारण दुप्पट होते, म्हणून जुन्या शोधातला आकडा आजच्या आकड्याशी थेट ताडू नये.

सरावासाठी युनिप्रॉट या प्रथिनांच्या डेटाबेसमधून माणसाचे मायोग्लोबिन आणि हिमोग्लोबिनची बीटा साखळी घ्या. अक्षरे सुमारे एक चतुर्थांशच जुळतात, तरी हीम या लोहयुक्त भागातले लोह धरून ठेवणारे हिस्टिडीन हे अमिनो आम्ल दोन्ही क्रमांत समोरासमोर यायला हवे. ते तसे आले नाही, तर मांडणीत सोडलेल्या मोकळ्या जागांसाठी कापले जाणारे गुण बदलून मांडणी पुन्हा करा.