दुसरी चावी

धोपाव्याहून सुटलेली फेरीबोट खाडीच्या मध्यावर होती. अप्पांनी घाम पुसायला खिशातून रुमाल ओढला आणि रुमालाबरोबर गाडीची चावी बाहेर आली. कठड्याच्या लोखंडावर एकदा टण्णकन वाजली आणि गेली वाशिष्ठीत. आम्ही दोघं वाकून पाण्याकडे बघत राहिलो, जणू ती परत वर येणार होती.

दापोलीला आतेभावाच्या मुलीचं लग्न, सकाळी अकराचा मुहूर्त. आई मागच्या सीटवर मांडीत आहेराची पिशवी घेऊन बसलेली. गाडी फेरीबोटीत, आमच्या मागे एक टेम्पो आणि पुण्याच्या दोन गाड्या. दाभोळचा धक्का जवळ आला तशी मागच्यांनी इंजिनं सुरू केली.

"दुसरी चावी?" मी विचारलं.

अप्पा पाण्याकडेच बघत म्हणाले, "असेल घरात."

ती घरात नव्हती. ती कुठे आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. ते पुढे सांगते.

बोट टेकल्यावर टेम्पोवाला, दोन खलाशी, पुणेकर मंडळी आणि धक्क्यावरची चार पोरं मिळून आमची गाडी ढकलायला लागली. हँडब्रेक काढून न्यूट्रलमध्ये टाकली होती, चाकं सरळ होती, त्यामुळे चढ चढून गाडी वर आली. मग मी शहाणपणा केला. बाजूला घ्यावी म्हणून आत बसून स्टिअरिंग वळवलं. खट्! चावी नसताना स्टिअरिंग वळवलं की ते लॉक होतं, हे मला माहीत असायला हवं होतं. नव्हे, माहीत होतंच. शेवटी आठ जणांनी मागून उचलून गाडी कडेला सरकवली. पुण्याच्या एका गाडीने आईला आहेरासकट दापोलीला नेऊन सोडलं, ओळख ना पाळख. पुणेकरांबद्दल मी यापुढे निदान वर्षभर काही बोलणार नाही.

"मी करते चावी," मी अप्पांना म्हटलं. "फेब्रुवारीत तिकडे मी स्वतःच केली."

हे मी जरा मोठ्याने म्हटलं. आजूबाजूला माणसं होती आणि मी कॅनडाहून आले आहे हे तोवर सगळ्या धक्क्याला कळलं होतं.

फेब्रुवारीतली गोष्ट अशी. मी राहते कॅनडातल्या विंडसरला, नोकरी पलीकडे अमेरिकेत, डेट्रॉईटच्या एका रुग्णालयात. मध्ये नदी. रोज नदीखालच्या बोगद्यातून देश ओलांडून कामाला जाते. बोगदा 1930 सालचा आहे. एका संध्याकाळी विंडसरच्या वाणसामानाच्या दुकानाबाहेर चावी पडली आणि बर्फ ढकलणाऱ्या गाडीने तिच्यावर माझ्या उंचीचा ढीग रचला. एक चावी घरी होती, म्हणून निभावलं. कंपनीच्या अधिकृत दुकानात फोन केला, तर नव्या चावीचे 300 डॉलर आणि वेळ नऊ दिवसांनंतरची. 300 कॅनेडियन डॉलर म्हणजे आपले अठरा-वीस हजार. एका चावीचे!

तेव्हा गाडीबरोबर आलेली पुस्तिका मी पहिल्यांदा उघडली. आपल्याकडे ती प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर काढणं अशुभ मानतात की काय कोण जाणे, पण त्यात सगळं लिहिलेलं असतं.

चावी म्हणजे मुळात तीन वेगवेगळ्या वस्तू असतात. एक धातूचं पातं, ते कुलपासाठी. दुसरा रिमोट, म्हणजे दारं उघडायची बटणं, त्याला सीआर 2032 ही चपटी बॅटरी लागते (20 मिलिमीटर रुंद, 3.2 मिलिमीटर जाड, नावातच माप आहे). आणि तिसरी, खरी महत्त्वाची, तांदळाच्या दाण्याएवढी नाहीतर जरा मोठी चिप. तिला बॅटरीच नसते. चावी जिथे खुपसतो त्या भोकाभोवती तारेचं एक वेटोळं असतं. चावी फिरवली की ते वेटोळं चिपला जेमतेम बोलण्यापुरती ऊर्जा देतं आणि चिप आपला क्रमांक सांगते. आपल्याकडे गाऱ्हाणं घालतात ना, तसंच. गाडी गाऱ्हाणं घालते, चिपने "व्हय म्हाराजा" म्हटलं तर इंजिन चालू होतं. ओळखीचा आवाज आला नाही तर स्टार्टर कितीही फिरवा, गाडी ढिम्म. रिमोटची बॅटरी गेली म्हणून गाडी बंद पडली असं कुणी सांगितलं, तर अशा पात्याच्या चावीपुरतं ते खरं मानू नका.

नेटवरून 22 डॉलरची कोरी चावी मागवली, हार्डवेअरच्या दुकानात जुनीवरून पातं कापून घेतलं. पुढचं काम पाच सेकंदांचं. ओळखीच्या चावीने गाडी चालू करायची, बंद करायची, चावी काढायची आणि पाच सेकंदांच्या आत नवी चावी घालून फिरवायची. पहिल्या वेळी हातमोज्यात चावी अडकली. दुसऱ्या वेळी मोजे काढले, बाहेर उणे अकरा, पण जमलं. सुरक्षेचा दिवा लागून विझतो म्हणे. मला दिसलाच नाही. पुस्तिकेतही तेच लिहिलं होतं, की हे इतक्या झटकन होतं की दिवा लागलेला कळणारही नाही. मग रिमोट: मेनूत जाऊन शिकवणी सुरू करायची आणि लॉक-अनलॉकची दोन्ही बटणं एकदम 15 सेकंद दाबून धरायची. टिंग वाजलं. मी गाडीत एकटीच टाळ्या वाजवल्या.

आता माझी चीड. माझ्याबरोबर काम करणारी एक जण डेट्रॉईटची. तिची गाडी तीच, माझ्याचसारखी. तिच्या एकदा दोन्ही चाव्या हरवल्या होत्या. तिने कापलेली कोरी चावी घेतली, गाडीत बसली, चावी फिरवली, दिवा विझेपर्यंत दहा मिनिटं वाट बघितली. बंद केली, पुन्हा दहा मिनिटं. पुन्हा दहा. अर्ध्या तासात गाडीने नवी चावी आपली मानली. हीच पद्धत माझ्याही पुस्तिकेत होती, आणि तिच्या शेजारी एक ओळ: कॅनडातल्या मालकांनी सगळ्या चाव्या हरवल्यास विक्रेत्याकडेच जावं.

ती ओळ मी किती वेळा वाचली असेल! तीच कंपनी, तीच गाडी, मध्ये फक्त नदी. विंडसरच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की डेट्रॉईटच्या इमारतींच्या खिडक्या मोजता येतात. तिकडे अर्धा तास बसून चावी होते, इकडे नाही. कारण कॅनडाने 1 सप्टेंबर 2007 पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर, म्हणजे ओळखीची चिप नसेल तर इंजिन अडवणारी ही यंत्रणा, सक्तीचा केला आणि त्याचे नियमही घालून दिले. कापलेली चावी घेऊन चोराने अर्धा तास गाडीत बसू नये, हा हेतू. हेतू चांगलाच आहे. मी कॅनडाच्या नियमांची नेहमी बाजू घेते, माझ्या भावाला विचारा. पण चांगल्या हेतूची किंमत चोराने नाही, मी भरायची. आणि डेट्रॉईटचे चोर काय घड्याळ नसलेले आहेत?

अर्थात दोन काठांचं हे प्रकरण आम्हाला नवीन नाही. गुहागरच्या बाजूला, अंजनवेल-वेलदूरला वीजप्रकल्प उभा राहिला आणि जगभर नाव झालं खाडीपलीकडच्या दाभोळचं. जमीन आमची, नाव त्यांचं. अप्पा अजून त्यावर अर्धा तास बोलू शकतात. त्या दिवशी धक्क्यावर बोललेही, चावीवाला येईपर्यंत वेळ होता.

चावीवाला चिपळूणचा. अप्पांच्या एका विद्यार्थ्याने फोन लावून दिला. दोन तासांत तो मोटारसायकलवरून, फेरीबोटीतून आला. पाठीला सॅक, वय पंचविशीच्या आतबाहेर. आधी आरसी बुक मागितलं, अप्पांचं आधार कार्ड बघून मोबाइलवर फोटो काढला. मी मनात म्हटलं, बघा, इथेही विचारतात. आपल्याकडे कुणीही कुणाचीही गाडी उघडून देतं असं मीच तिकडे दहा जणांना सांगितलं आहे.

त्याने कोरं पातं दाराच्या कुलपात घातलं, जोर देऊन डावीउजवीकडे जरा फिरवलं आणि बाहेर काढून उन्हात तिरकं धरलं. "बघा ताई." पात्याच्या कडेवर सुईच्या टोकाएवढे चकाकते ठिपके उमटले होते. कुलपातल्या पट्ट्या जिथे अडत होत्या तिथे. त्या ठिपक्यांवर कानस फिरवायची, पुन्हा घालायचं, पुन्हा बघायचं. मांडीवर फडकं, फडक्यावर पितळेचा भुगा. शेजारी कोलंबीच्या टोपल्या घेऊन फेरीची वाट बघणाऱ्या मावशी बसल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "माझ्या कपाटाची पण करून दे रे." पस्तीस-चाळीस मिनिटांनी चावी दाराच्या कुलपात फिरली. स्टिअरिंगही सुटलं.

चावी फिरवली, स्टार्टर फिरला, इंजिन नाही. डॅशबोर्डवर चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकायला लागला.

"थांब," मी म्हटलं. "आता दहा मिनिटं अशीच चालू ठेवायची."

तो काही बोलला नाही. सॅकवर बसून त्याने बिस्किटाचा पुडा फोडला. दहा मिनिटं मी दिव्याकडे बघत बसले. काचेबाहेर पोरं दिव्याकडे बघत होती. दिवा लुकलुकतच राहिला. अकरा झाली. बारा.

"ताई, या गाडीत ती पद्धत नाही," तो म्हणाला. "हिला मशीनच लागतं."

"तिकडच्या गाडीत आहे."

"असेल ना."

त्या "असेल ना"मध्ये टोमणा नव्हता, म्हणूनच तो लागला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये त्याने वायर खुपसली, टॅबलेटसारखं यंत्र मांडीवर घेतलं. गाडीचा गुप्त कोड वाचला गेला. मी तिकडे स्वतः केलं ते खोटं नव्हतं. पण तिकडे मी स्वतः केलं, कारण 300 डॉलर द्यायचे नव्हते आणि मांडीवर फडकं पसरून पार्किंगमध्ये येऊन बसणारा कुणी मला ठाऊक नव्हता. अप्पा त्याच वेळी त्याला विचारत होते, "तुझे वडील कुठले? मार्गताम्हाण्याचे? मग तुझे काका माझ्या वर्गात असणार."

यंत्रावर काहीतरी प्रश्न आला. त्याने मान वर केली.

"जुन्या चाव्या पुसू? पुसल्या की हरवलेली कुणाला सापडली तरी गाडी चालू होणार नाही. पण घरात दुसरी असेल तर तीही जाईल. ती असेल तर इथे आणा, दोन्ही घालून देतो."

दुसरी चावी विंडसरला माझ्या स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये आहे. तीन वर्षांपूर्वी निघायच्या आदल्या दिवशी मी गाडी घेऊन चिपळूणला गेले होते, आल्यावर चावी पर्समध्ये टाकली आणि ती तशीच विमानाने गेली. अप्पांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "राहू दे, पुढच्या खेपेस आण." त्यानंतर मी दोनदा आले. पहिल्यांदा विसरले. दुसऱ्यांदा, म्हणजे आताही, विसरलेच. पण 23 किलोच्या दोन बॅगा भरताना भावाच्या मुलांचे बूट, आईची गुडघ्याची पट्टी, अप्पांचं रक्तदाबाचं यंत्र हे सगळं मी लक्षात ठेवून भरलं होतं, हेही कुणीतरी मोजायला हवं.

मी काही बोलायच्या आत अप्पा म्हणाले, "पुस."

चावी काही मिनिटांत झाली. इंजिन लागलं तसं पोरांनी शिट्ट्या मारल्या. त्याने दुसरीही करून दिली, गाडी उघडीच आहे तर आत्ताच करून घ्या म्हणाला. खरंच सांगते, एक चावी हातात असतानाच दुसरी करून ठेवा. सगळ्या गेल्या की काम वाढतं, पैसेही. दोन्ही मिळून साडेपाच हजार झाले. येण्याजाण्याचे वेगळे मागितले नाहीत. अप्पांनी पाचशे जास्त काढले ते घेईना; मग मावशींकडून कोलंबी घेऊन त्याच्या सॅकला बांधली.

तो निघताना मी हळूच विचारलं, "पुसलेल्या चावीने काहीच होत नाही?"

"पातं तेच आहे ना. दार उघडेल. इंजिन ऐकणार नाही."

लग्न लागून गेलं होतं. जेवणाची शेवटची पंगत मिळाली.

परवा विंडसरला आल्यावर ड्रॉवर उघडला. बॅटऱ्या, रबरबँड, टॅक्सच्या कागदांवरचे चिमटे, आणि त्यात ती. बटणाजवळ अप्पांनी लावलेला कुंकवाचा ठिपका अजून आहे. रात्री फोन केला आणि एकदाचं सरळ विचारलं, "अप्पा, ती आता टाकून देऊ का?"

"का टाकतेस? दार उघडतं ना तिने."

मागून आईचा आवाज आला. "या खेपेस तरी आण म्हणावं तिला."